चेहऱ्याच्या लालीसाठी लेझर करून घेतलं: काय गेलं, काय राहिलं

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि गालांवर ज्या बारीक लाल रेषा दिसायच्या त्या जवळजवळ गेल्या. गालांवर कायम असणारी लाली बऱ्यापैकी उतरली. पण उन्हातून आलो किंवा गरम काही प्यायलो की तोंड जे भपकन तापतं ते अजूनही तापतं, पूर्वीपेक्षा कमी, पण तापतंच. लेझर केलं की रोझेशिया, म्हणजे चेहरा लाल करणारा हा कातडीचा जुनाट आजार, संपला असं ज्यांना वाटतंय त्यांनी हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण क्लिनिकवाले जे आधीचे-नंतरचे फोटो दाखवतात त्यात रेषा दिसतात, तापलेलं तोंड दिसत नाही, आणि रेषा घालवणं हे या उपचाराचं सगळ्यात सोपं काम आहे. तरीपण मी समाधानी आहे आणि हा उपचार मी परत करून घेणार आहे.

मी दोन ठिकाणी चौकशी केली होती. पहिल्या ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत, एक काउन्सेलर मॅडम होत्या, त्यांनी टेबलाच्या पलीकडूनच चेहरा बघितला आणि पॅकेजचा कागद पुढे सरकवला. मशीन कुठलं आहे विचारलं तर ‘एकदम लेटेस्ट लेझर सर’ एवढंच उत्तर, दोनतीनदा खोदून विचारल्यावर कळलं की ते आयपीएल आहे, म्हणजे लेझर नाहीच मुळात. आयपीएल म्हणजे साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतच्या सगळ्या लहरी एकत्र असलेला प्रखर प्रकाशाचा झोत, पुढे फिल्टर लावून त्यातला नको तो भाग अडवतात. लेझरमध्ये एकच ठरावीक लहर असते. आयपीएल वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, रोझेशियाच्या लालीवर ते भरपूर वापरतात आणि योग्य माणसाच्या हातात छान रिझल्ट देतं, पण ज्यांना स्वतःच्या मशीनचं नाव सांगता येत नाही त्यांच्या हातात मी माझा चेहरा देणार नव्हतो.

दुसऱ्या ठिकाणी स्किनच्या डॉक्टर मॅडम स्वतः भेटल्या आणि त्यांनी पहिल्या भेटीत लेझरचं नावच काढलं नाही. तोंडाला आजवर काय काय लावलंत, सगळ्या ट्यूब घेऊन या म्हणाल्या. कारण खाजेसाठी किंवा रंग उजळायला म्हणून लावलेल्या क्रीममध्ये स्टेरॉइड असेल तर तेच लावून लावून कातडी पातळ होते, नसा वर दिसायला लागतात आणि चेहरा लाल राहतो, क्रीम बंद केली की आणखी भडकतो, म्हणून माणूस परत तीच लावतो. तशा चेहऱ्यावर आधी ती सवय सोडवायची असते, लेझरचा नंबर नंतर. मग सांधे दुखतात का, तोंडात जखमा होतात का, उन्हाने अंगावर पुरळ येतं का हे विचारलं, कारण ल्युपसमध्येही, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारात, गालांवर लाली येते. नाकाच्या बाजूच्या घडीत आणि भुवयांत तेलकट कोंडा आहे का तेही बघितलं, तो असेल तर सेबोरिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट कोंड्याचा कातडीचा आजार, निघू शकतो. डोळे चुरचुरतात का हेही विचारलं, रोझेशिया डोळ्यांतही असतो हे मला तेव्हाच कळलं.

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला फार आवडली. काचेची एक छोटी पट्टी घेतली, गालावर दाबून धरली आणि मला आरशात बघायला सांगितलं. काचेखालची लाली दाबल्याबरोबर गेली, पण एक फिकट तपकिरी छटा तशीच राहिली, काच उचलली की दोनेक सेकंदांत लाल परत भरून आलं. म्हणाल्या, हे जे दाबल्यावर गेलं ते नसांमधलं रक्त, त्याच्यावर लेझर काम करेल, जे दाबूनही राहिलं तो कातडीतला रंग आहे, तो या लेझरने जाणार नाही, उलट चुकीच्या सेटिंगने वाढेल. एवढ्या साध्या टेस्टमध्ये कशाची अपेक्षा धरायची आणि कशाची नाही ते स्पष्ट झालं. माझा रंग गव्हाळ आहे, त्यामुळे माझी लाली लाल कमी आणि जांभळट-तपकिरी जास्त दिसायची, कित्येक जण ‘उन्हाने रापलास’ म्हणून सोडून द्यायचे. सावळ्या चेहऱ्यावर रोझेशिया उशिरा ओळखला जातो तो यामुळेच, तिथे दिसण्यापेक्षा जळजळ आणि चटका यावरूनच जास्त कळतं.

हे नेमकं काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो कारण त्याशिवाय मशीन निवडायचं कसं ते कळत नाही. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी मांडलेल्या तत्त्वावर हे सगळं उभं आहे. ज्या लहरीचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन जास्त शोषतं तो निवडायचा आणि इतक्या कमी वेळासाठी सोडायचा की नस तापून बंद पडेल पण आजूबाजूची कातडी तापायच्या आत काम संपेल. बंद पडलेली नस मग शरीर हळूहळू साफ करतं, म्हणून रिझल्ट दिसायला काही आठवडे जातात. पल्स्ड डाय लेझर ५९५ नॅनोमीटरवर चालतं, ते मुळात जन्मजात लाल डागांसाठी आलं आणि चेहऱ्याच्या लालीसाठी आजही ज्याची सगळ्यात जास्त शिफारस होते त्यातलं एक आहे. केटीपी नावाचं दुसरं लेझर ५३२ वर चालतं, वरवरच्या बारीक रेषांवर जबरदस्त. तिसरं लेझर एनडी-याग, ते १०६४ वर, ते खोल जातं, नाकाच्या बाजूच्या जाड निळसर नसांना ते लागतं, पण हिमोग्लोबिन त्या लहरीला फारसं धरत नाही म्हणून ताकद खूप लावावी लागते आणि एकाच जागी शॉटवर शॉट पडला तर व्रण राहू शकतो.

अडचण ही की कातडीला रंग देणारं मेलॅनिनसुद्धा प्रकाश शोषतं, आणि लहर जेवढी छोटी तेवढा जास्त. म्हणजे गोऱ्या चेहऱ्यावर जे केटीपी किंवा आयपीएल बिनधास्त चालतं तेच सावळ्या चेहऱ्यावर भाजू शकतं, काळे डाग किंवा पांढरे चट्टे पाडू शकतं. करता येतच नाही असं नाही, पण फिल्टर बदलावा लागतो, पल्स, म्हणजे प्रकाशाचा एकेक झटका, जास्त वेळाचा ठेवावा लागतो, गारवा नीट द्यावा लागतो, आणि आधी टेस्ट पॅच हवाच हवा. माझा कानापुढे छोटासा पॅच केला आणि काही आठवडे थांबून तिथे डाग पडला नाही हे बघूनच पुढे गेलो. थांबायचा कंटाळा येतो, पण टेस्ट पॅच न करता पहिल्याच दिवशी पूर्ण चेहरा करू म्हणणारं क्लिनिक असेल तर तिथून उठा, मग ते कितीही चकचकीत असो.

दाढीवाल्यांसाठी खास. आयपीएल आणि १०६४ वालं एनडी-याग ही मशीन केस काढायलाही वापरतात, त्यामुळे दाढीच्या भागावर लालीसाठी मारलं तरी तिथले केस विरळ होऊ शकतात. मॅडमनी मला सरळ विचारलं, ‘दाढी ठेवायची आहे का पुढे?’ मी हो म्हटल्यावर त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीने गालावर दाढीच्या वर रेघ मारली आणि त्या रेघेखाली गेल्याच नाहीत. हा प्रश्न पहिल्या ठिकाणी कुणाच्या मनातही आला नव्हता, आणि गालावर दाढीत खळगा पडला असता तर मला तो लालीपेक्षा जास्त खुपला असता.

आधीची तयारी म्हणजे मुख्यतः ऊन टाळणं, रापलेल्या चेहऱ्यावर हे करतच नाहीत, आणि रोज सनस्क्रीन. रेटिनॉलवाली क्रीम बंद करायला सांगितली. कुठली गोळी चालू असेल तर ती सांगायची कारण काही औषधांनी कातडी उन्हाला हळवी होते, ओठावर नागीण येत असेल तर तेही सांगायचं. फोडपुळ्या असतील तर त्या आधी आयव्हरमेक्टिन किंवा मेट्रोनिडाझोलच्या क्रीमने शांत करतात, मला ते काही काळ लावावं लागलं. सुन्न करायची क्रीम मिळेल का विचारलं तर म्हणाल्या काही सुन्न करणाऱ्या क्रीमने नसा आकसून कातडी फिकी पडते, मग लेझरने मारायचं कुणाला. हे पटलं.

प्रत्यक्ष सेशन. डोळ्यांवर काहीही आरपार न जाणारा घट्ट गॉगल, आणि यात अजिबात तडजोड नको, डोळ्याला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. प्रत्येक शॉटच्या आधी थंड फवाऱ्याचा फुस्स असा आवाज, गालावर बर्फासारखं गार, आणि त्याच क्षणी चटका. सगळे म्हणतात रबर बँड मारल्यासारखं वाटतं, ते बरोबरच आहे, फक्त वरच्या ओठाजवळ आणि नाकाच्या पाळ्यांवर तो रबर बँड चांगलाच ताणून मारलेला असतो, तिथे डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. बारीक लव जळल्याचा वास येतो, घाबरू नका. वेळ फार लागत नाही, तयारीलाच जास्त लागतो. हँडपीस, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, मॅडमनी स्वतः धरला होता, मध्ये मध्ये थांबून कातडी बघत होत्या, कुठे करडी पडतीये का, कुठे रेषा गायब होतीये का, आणि त्याप्रमाणे ताकद कमीजास्त करत होत्या. माझ्या मते या सगळ्या सर्व्हिसमध्ये पैसे त्या नजरेचे आहेत. तेच मशीन घाईत फिरवलं की शॉटच्या आकाराचे चौकोनी नाहीतर गोल पट्टे चेहऱ्यावर उमटतात, मधली जागा लाल आणि पट्टे फिके, असे चेहरे असतात आणि ते नीट करायला परत सेशन लागतात.

नंतरचं. पल्स्ड डाय लेझर कमी वेळाच्या पल्सने मारलं तर जांभळे डाग पडतात, ते उतरायला आठवडाभर ते दोन आठवडे लागू शकतात. पल्स लांब ठेवला, म्हणजे ६ ते १० मिलिसेकंद वगैरे, आणि ताकद बेताची असेल तर सहसा डाग पडत नाहीत, पण मग सेशन जास्त लागू शकतात. कुठला पर्याय हवा हे तुमच्या कामाधंद्यावर आहे आणि डॉक्टरांनी तो तुम्हाला आधी विचारायला हवा. मी डाग न पडणारा घेतला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर डोळ्यांखाली एवढी सूज की डोळे अर्धेच उघडत होते, आणि याबद्दल मला नीट सांगितलं नव्हतं, ‘थोडी सूज येईल’ एवढंच म्हणाले होते. ही माझी या क्लिनिकबद्दल खरी तक्रार आहे. सूज चारचौघांत जायला लाज वाटावी इतकी असते आणि दोनतीन दिवसांत उतरते, हे सरळ शब्दांत सांगा ना, माणूस त्याप्रमाणे सुट्टी टाकेल. उशी उंच ठेवून झोपल्याने आणि थंड पट्टीने फरक पडला. बर्फ थेट लावू नका.

पहिल्या सेशननंतर फार काही दिसलं नाही, दुसऱ्यानंतर रेषा जाणवण्याइतक्या कमी झाल्या, पसरलेली लाली मात्र हळूहळूच उतरत गेली. साधारणपणे तीन ते पाच सेशन, मध्ये तीनचार आठवडे, असं धरून चला. आणि हे कायमचं नाही. बंद झालेल्या नसा बंद झाल्या, पण नवीन होण्याची प्रवृत्ती तशीच राहते, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी एखादं सेशन परत लागतं. हे ज्यांना मान्य नाही त्यांनी सुरूच करू नये असं मला वाटतं, कारण निराश झालेल्या बऱ्याच लोकांना ‘कायमचं जाईल’ असंच सांगितलेलं असतं.

ज्यांना लेझर नकोच त्यांच्यासाठी ब्रिमोनिडिनचं जेल आणि ऑक्सिमेटाझोलिनची क्रीम आहे, दोन्ही नसा आकसवून काही तासांपुरती लाली कमी करतात. मी ब्रिमोनिडिन वापरलंय, चारचौघांत जायच्या दिवशी कामाला येतं, पण असर उतरल्यावर काही जणांना आधीपेक्षा जास्त लाल होतं, म्हणून पहिल्यांदा लावताना घरी असलेल्या दिवशी लावा. लेझरच्या सेशनला जाताना मात्र ते लावून जाऊ नका, कारण वर सुन्न करणाऱ्या क्रीमचं जे सांगितलं तेच.

नुसतं तोंड तापण्याचाच त्रास असेल आणि एकही रेषा दिसत नसेल तर मी लेझरची घाई करणार नाही, आधी कशाने तापतं ते शोधून बघा. रेषा आणि कायमची लाली असेल तर मात्र विचार जरूर करा. आणि फोटोंसाठी आग्रह धरा, दर वेळी तीच खोली, तोच दिवा, केस मागे, तोंड धुऊन थोडा वेळ थांबल्यावर, आणि त्याची एक कॉपी स्वतःच्या फोनवर घ्या. रोज आरशात बघून फरक कळत नाही, मला तिसऱ्यानंतर वाटत होतं आता पुढे काहीच फरक पडत नाहीये, मॅडमनी पहिला फोटो शेजारी लावून दाखवला तेव्हा नाकाची डावी बाजू बघून मी पुढचं सेशन तिथेच बुक केलं.