ड्रायव्हरचं नवं रिलीज: मतदानाने मंजूर करायचं की टॅग लावताच सोडायचं?

ओपन सोर्स डेटाबेस ड्रायव्हरचं (म्हणजे अ‍ॅप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचं) रिलीज मंजूर करायच्या दोन रीती रूढ आहेत. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत मतदान होतं. कॅसँड्रा या डेटाबेसचा जावा ड्रायव्हर तसाच निघतो. दुसऱ्या रीतीत मेंटेनरने गिटमध्ये टॅग (आवृत्तीची खूण) लावला की सीआय, म्हणजे आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणारी यंत्रणाच, जार (कंपाइल केलेल्या जावा कोडची फाइल) बांधून मेव्हन सेंट्रल या जावा लायब्ररींच्या सार्वजनिक भांडारावर चढवते. निवड करण्याआधी एवढं बघा: मंजुरी गिटमधल्या कोडला मिळते की लोक डाउनलोड करणार त्या फाइलला?

मतदानात ती फाइलला मिळते. रिलीज मॅनेजर सोर्सची टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल) डिजिटल सही करून ठेवतो. पीएमसी, म्हणजे प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची किमान ३ होकारार्थी मतं लागतात, होकार नकारांपेक्षा जास्त लागतात आणि मतदान साधारण ७२ तास चालतं. एका नकाराने रिलीज अडत नाही, पण कारण पक्कं असेल तर उमेदवार बिल्ड मागे घेतला जातो आणि पुढच्या बिल्डसाठी मोजणी शून्यापासून सुरू होते.

होकार देणाऱ्याने स्वतःच्या मशीनवर सही आणि शा-५१२ (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा हॅश) तपासायचं, लायसन्स आणि नोटिस फाइली बघायच्या, सोर्समधून बिल्ड करायचं. सार्वजनिक किल्ल्यांची फाइल अपाचेच्या अधिकृत डाउनलोड साइटवरूनच घ्या. टारबॉलशेजारी पडलेली किल्ली घेतली तर तपासणीला अर्थ उरत नाही. ‘किल्ली विश्वासार्ह म्हणून प्रमाणित नाही’ हा जीपीजीचा (सही तपासणाऱ्या साधनाचा) इशारा दिसला म्हणजे सही खोटी असं नाही. ती किल्ली तुमच्या ओळखीच्या कुणी प्रमाणित केलेली नाही, इतकंच. फिंगरप्रिंट जुळवा आणि पुढे चला.

टारबॉल उघडून टॅगमधल्या कोडशी डिफ करणं (फरक काढून बघणं) मात्र कधीही टाळू नका. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घुसवलेलं मागचं दार चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त टारबॉलमध्ये होती.

टॅगवाल्या रीतीची मोठी बाजू म्हणजे वेग. पोस्टग्रेस डेटाबेसच्या जेडीबीसी (जावाच्या) ड्रायव्हरमधली सीव्हीई-२०२४-१५९७ ही सुरक्षेतली त्रुटी घ्या. साध्या क्वेरी मोडमध्ये प्लेसहोल्डरच्या (किंमत भरायच्या जागेच्या) आधी वजाचं चिन्ह असेल आणि किंमतही ऋण आली, तर दोन वजा मिळून एसक्यूएलची कॉमेंट होई आणि त्यातून एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे क्वेरीत परका आदेश घुसवायला, वाट मिळे. ४२.७.२ मध्ये ती दुरुस्त झाली. अशा वेळी तीन दिवस थांबणं जड जातं. अपाचेतही ७२ तासांना अपवाद करता येतो, पण ३ माणसं तरी हजर लागतातच.

वेगासोबत एक खड्डा येतो. सीआयची मॅट्रिक्स (वेगवेगळ्या जावा आवृत्त्यांवरच्या चाचण्यांचा तक्ता) जावा ८, ११, १७ वर हिरवी दिसते, पण बहुतेक ठिकाणी प्रत्येक जॉब आपापल्या जेडीकेने (जावाच्या कंपाइलर-संचाने) कोड नव्याने कंपाइल करतो. प्रकाशित होणारी जार एकच, समजा जेडीके १७ वर बांधलेली. सोर्स आणि टार्गेट ८ ठेवलं पण ‘रिलीज ८’ हा पर्याय दिला नाही, तर जावा ८ वर बाइटबफर या क्लासच्या फ्लिप मेथडपाशी नोसचमेथडएरर (‘अशी मेथडच नाही’ ही चूक) येतो. जावा ९ पासून त्या मेथडचा परतावा बफर नसून बाइटबफर आहे आणि कंपाइलर परताव्यासकट मेथडची तीच ओळख जारमध्ये लिहून ठेवतो. ड्रायव्हर तर पावलोपावली बाइटबफर वापरतो. मेव्हन सेंट्रलवर गेलेली आवृत्ती बदलता येत नाही. पुढचा नंबर काढणं एवढंच हातात उरतं.

पण सोर्सवर मत देणाऱ्यांच्याही नजरेतून जार सुटू शकते. कॅसँड्रा ड्रायव्हर ४.१८.० पासून अपाचेच्या ग्रुप आयडीखाली (मेव्हनमधल्या प्रकाशकाच्या नावाखाली) आला, मात्र जावा पॅकेजची नावं तो आधी काढणाऱ्या डेटास्टॅक्स कंपनीचीच राहिली. एखादी लायब्ररी जुना ४.१७ ओढत असेल तर मेव्हनला ते दोन वेगळे आर्टिफॅक्ट वाटतात आणि क्लासपाथवर एकाच नावाचे क्लास दोनदा येतात. हे कळायला स्टेजिंगमधली (प्रकाशनाआधी ठेवलेली) जार खऱ्या अ‍ॅप्लिकेशनला लावून डिपेन्डन्सी ट्री, म्हणजे कोणती लायब्ररी कुणाला ओढते याची यादी, काढावी लागते.

मेंटेनर तिघांहून कमी असतील तर मतदानाचा सोपस्कार करू नका, टॅगचीच रीत घ्या. ड्रायव्हर अनेक कंपन्या मिळून सांभाळत असतील तर मतदानच घ्या. टॅगची रीत घेतलीत तर मेव्हनच्या प्रकाशन प्लगइनमध्ये ऑटोपब्लिश (आपोआप प्रकाशन) बंद ठेवा: जार सेंट्रलच्या पोर्टलवर तपासून थांबते, दुसऱ्या माणसाने तीच जार सर्वांत जुन्या जावावर आणि सर्वांत जुन्या सर्व्हरवर चालवायची, आणि मगच पब्लिशचं बटण दाबायचं.