५०,२५० रुपयांचे उचकटलेले पत्रे

आधी २५,००० बुकिंगचे, मग २१,४०० ‘कटिंग-बेंडिंग’चे, वर ३,८५० पॅकिंग आणि वाहतुकीचे. एकूण ५०,२५० रुपये. बदल्यात काय आलं, तर दुसऱ्याच कोणाच्या गाडीतून काढलेले पत्रे. घरी किट कार, म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः बांधायची गाडी, बांधणारं आणखी कोणी हे पत्रे विकणाऱ्या माणसाच्या हाती लागू नये म्हणून लाज गिळून लिहितोय. घरच्यांना अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, लोटस सेव्हन या जुन्या छोट्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीची, चौकोनी स्टील ट्यूबची. फूटवेल (पाय ठेवायची जागा), टनेल (मधोमधचा उंचवटा), सीटमागचा बल्कहेड (आडवी भिंत) असा आतल्या पत्र्यांचा १४ नगांचा सेट तयार घ्यायचं ठरवलं. याला आळस म्हणू नका. दीड मिलिमीटरच्या शीटला लांब, सरळ घडी घालायची तर बेंडिंग मशीन लागतं, आणि टनेल जरा तिरका बसला की त्याला लागून येणारा प्रत्येक पत्रा रुसतो. शिवाय माणूस अडाणी नव्हता. शीट ५०५२ एच-३२ (अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा एक प्रकार) देतो म्हणाला. रिव्हेटची ग्रिप रेंज (तो किती जाडी पकडतो) धरताना पत्र्याच्या जाडीत ट्यूबच्या भिंतीची जाडी मिळवा, हेही त्यानेच आपणहून सांगितलं. इतकं जाणून बोलणाऱ्यावर कोण संशय घेणार?

मग ‘सर, तुमचा सेट तयार’ म्हणून फोटो आला. तो फोटो आता बघितला की डोकं सणकतं. टनेलच्या पत्र्याच्या कडेने काळ्या सीलंटचा पुसट पट्टा होता. भोकाभोकाभोवती चकचकीत गोल कडं उठलेलं, रिव्हेटचं डोकं दाबून बसलं आणि नंतर उडवलं की उरतं तसं. मी विचारलं, हे काय आहे? म्हणाला, ‘ट्रायल फिटिंग केलं सर.’

ट्रायल फिटिंग! अरे, ट्रायलला क्लेको, म्हणजे भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या क्लिपा, लावतात, हाताने काढता येतात म्हणून. आणि सीलंट? तो पत्रा कायमचा बसवताना लागतो. पाणी आत येऊ नये, आणि स्टीलला थेट टेकून मध्ये ओल राहिली तर अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं जाऊ नये, यासाठी. हे मला तेव्हाही पाठ होतं. पण २५,००० त्याच्या खिशात गेलेले असताना माणूस भांडण काढत नाही, स्वतःची समजूत घालतो. माझ्या जागी तुम्हीही घातली असती. उरलेले पैसे पाठवले.

नग आले ९. वरून कोरी निळी फिल्म चिकटवलेली, भोकं झाकायला. फिल्मचा कोपरा सोलून व्हर्निअर लावला तर ०.९ मिलिमीटर. कुरिअरच्या पावतीवर वजन ११.४ किलो, तेही खोक्यासकट. दीड मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचं वजन चौरस मीटरला साधारण ४ किलो भरतं, म्हणजे माझ्या ६ चौरस मीटरचे २४ व्हायला हवे होते. पार्सल ताब्यात घेण्याआधी पावतीवरचं वजन वाचा, हिशेब जुळला नाही तर सही करू नका. सोबतचं टेस्ट सर्टिफिकेट तर विनोदच आहे. वर मथळा ५०५२ चा, खाली तक्त्यात मॅग्नेशियम ०.९ टक्के. ५०५२ मध्ये ते २.२ ते २.८ असतं. हा तक्ता ६०६१ या वेगळ्याच मिश्रधातूचा उचललेला! सर्टिफिकेट मागून फाइलला लावू नका, आकडे वाचा.

फोन केला तर म्हणे, ‘फिल्म काढलीत ना, आता रिटर्न नाही.’ त्यानंतर नंबर ब्लॉक.

पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न, गाडीचा नंबर काय? अहो, गाडी अजून झालेलीच नाही, नंबर कुठून आणू? मग, ‘माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद.’ जाड आणि पातळ पत्र्यातला फरक दाखवायला दोन तुकडे नेले होते, साहेबांनी त्यातला एक पेपरवेट म्हणून ठेवून घेतला. बँकेत विचारलं, ओटीपी कोणाला दिलात? नाही दिला म्हटलं, तर मग व्यवहार तुम्हीच केलाय, आम्ही काय करणार. ग्राहक आयोगाला विरुद्ध पक्षाचा पत्ता हवा. बिलावर पत्ता नाही. पत्ता कुरिअरकडे आहे, पण ते म्हणतात पोलिसांचं पत्र आणा. पोलिस म्हणतात, आधी पत्ता आणा, मग बघू! पगार सगळ्यांचे चालू आहेत, सुट्ट्या फक्त माझ्या जातायत. आणि प्रत्येक टेबलावरचा सल्ला एकच, ‘तुम्ही शिकलेले दिसता, जरा बघून घ्यायचं.’

पैसे वैयक्तिक खात्यात मागितले की तिथेच थांबा. पत्र्याचा फोटो नको, व्हिडिओ कॉलवर व्हर्निअर लावून दाखवायला सांगा, आणि कॅमेरा भोकांजवळ न्यायला लावा. खोका फोडताना रेकॉर्डिंग चालू ठेवा. एकही भोक पाडायच्या आधी सगळे पत्रे चेसिसवर नुसते टेकवून बघा. पुठ्ठ्याचे टेम्प्लेट स्वतः कापा आणि शीट व घडी ओळखीच्या कारागिराकडून समोर उभं राहून करून घ्या. मी आता तेच करतोय, फूटवेलचे पुठ्ठे कापून झालेत.

हाच ‘ट्रायल फिटिंग’चा फोटो ज्यांना आला असेल त्यांनी पावत्या आणि चॅट जपून ठेवावेत आणि आपापली लेखी तक्रार द्यावी, पोच घेतल्याशिवाय उठू नये. एकट्याला हाकलतात. चार तक्रारींत एकच खाते क्रमांक दिसला तर दिवाणी वाद म्हणायला जड जाईल.