सहा-सात वर्षांच्या पोरांचा फुटबॉल: रांगेतले ड्रिल की छोट्या मॅच?

लहान पोरांची टीम नव्याने गळ्यात पडलीये आणि आठवड्याला जेमतेम एक-दोन तास मिळतायत, अशांसाठी हे लिहितोय. तीन नंबरचा बॉल, कोन, बिब वगैरे तुमच्याकडे असणारच, त्यात शिरत नाही. खरा प्रश्न हा की तो तास घालवायचा कशात. कोन लावून, रांग करून एकेकाकडून ड्रिबल-पास-शूट करून घ्यायचं, की तीन-तीन पोरांच्या टीम पाडून सरळ खेळायला सोडायचं. मी दोन्ही केलंय. पहिला अख्खा सीझन ड्रिल, त्यानंतरचे दोन बहुतेक मॅचच.

ड्रिलबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते आहेच. एखादी नवी गोष्ट पहिल्यांदा दाखवायची असेल, म्हणजे पायाच्या आतल्या बाजूने पास किंवा तळव्याने बॉल मागे ओढून वळणं, तर कोणी अंगावर येत नसताना ते शिकणं सोपं जातं. बुजरी पोरं असतात, त्यांनाही आपला नंबर आला की बॉल नक्की आपल्याच पायात येणार याचा आधार वाटतो. तुम्ही एकटे असाल आणि पोरं वीस, तर रांगेने निदान सगळी नजरेसमोर राहतात. आणि बाहेर उभ्या आईबाबांना ते शिकवल्यासारखं दिसतं, हेही खरंच आहे, पहिल्या महिन्यात त्यांचा विश्वास बसणं काही कमी महत्त्वाचं नसतं.

पण रांग. माझं सगळं गाडं तिथेच अडलं.

एके दिवशी मी घड्याळ लावून बघितलं. बारा पोरं, एक रांग, कोनांमधून बॉल नेऊन गोलवर मारायचा, एकेकाला साधारण पंधरा सेकंद. म्हणजे एकदा नंबर लागला की पुढचा तीन मिनिटांनी. पंधरा मिनिटांच्या ड्रिलमध्ये पाच नंबर, सव्वा मिनिट खेळ आणि पावणेचौदा मिनिटं नुसतं उभं राहणं. दोन रांगा केल्या तर अडीच मिनिटं, बस. त्या दिवशी रांगेत शेवटी एक मुलगी होती, ती बुटाची लेस सोडायची, परत बांधायची, परत सोडायची, आणि तिचा नंबर आला तेव्हा लेस सुटलेलीच होती, तशीच धावली आणि तिसऱ्या कोनापाशी पडली. तिच्या पुढचे दोघं गवत उपटून एकमेकांच्या कॉलरमध्ये घालत होते. मी ओरडत होतो, "रांगेत नीट उभे राहा." घरी जाताना माझ्या डोक्यात तेच वाक्य घोळत होतं, कारण अख्ख्या तासात मी सगळ्यात जास्त वेळा तेच बोललो होतो. पोरं फुटबॉल खेळायला आली होती आणि मी त्यांना उभं राहायला शिकवत होतो, याचं मला खरंच फार वाईट वाटलं.

मग छोट्या मॅचकडे वळलो. बारा पोरं म्हणजे तीन विरुद्ध तीनची दोन मैदानं, गोलकीपर नाही, कोणी बाहेर बसलेलं नाही. मोजमाप काही केलं नाही, पण तीच लेसवाली मुलगी पहिल्या पाच मिनिटांत बॉलला जितक्या वेळा शिवली तितकं ड्रिलच्या अख्ख्या तासात शिवली नसेल. तासभर लेसची आठवणसुद्धा झाली नाही तिला.

यातही कटकटी आहेत, लपवत नाही. सुरुवातीला सगळी पोरं बॉलभोवती मधमाश्यांसारखी गोळा होतात. एखादा दांडगा पोरगा बॉल सोडतच नाही. गोंगाट असतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की कोच नुसता उभा आहे. गर्दीवर मला सगळ्यात लागू पडला तो चार गोलांचा प्रकार, फुनिनो म्हणतात त्याला, हॉर्स्ट वाईन या मूळच्या हॉकीतल्या जर्मन कोचने रुजवलेला. प्रत्येक टीमला दोन गोल राखायचे आणि दोन गोलांवर हल्ला करायचा, आणि गोल मारायचा तो समोरच्या गोलरेषेपासून सहा मीटरच्या पट्ट्यात शिरूनच, लांबून धोपटून चालत नाही. आमच्याकडचा एक पोरगा नेहमी डोकं खाली घालून गर्दीत घुसायचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो घुसता घुसता थांबला, तळवा बॉलवर ठेवला, मान वर केली आणि दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या गोलकडे वळला. मी त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. कोनांमध्ये मान वर करायची गरजच पडत नाही ना, कोन जागचा हलत नाही. दांडग्यांसाठी मी सोपं करतो, तिघं दांडगे एकाच मैदानावर एकमेकांसमोर.

हे काही माझ्या एकट्याचं खूळ नाही. जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या सीझनपासून सगळ्यात लहान पोरांसाठी दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन, चार छोटे गोल, हेच बंधनकारक केलंय. अमेरिकेतही २०१७ पासून आठ वर्षांखालच्यांना चार विरुद्ध चार आणि गोलकीपर नाही. तरी तुमची पोरं वेगळी असतील, अगदीच नवखी असतील किंवा मैदान फारच छोटं असेल, तर ड्रिलचा भाग थोडा जास्त ठेवावा लागेल, त्यात काही चूक नाही.

आणि ड्रिल म्हणजे रांगच असं धरून चालू नका, हे मला उशिरा कळलं. वील कुर्व्हर नावाचा डच कोच होता, १९७४ साली फेयेनोर्ड या डच क्लबला युएफा कप ही युरोपातली क्लबांची स्पर्धा जिंकून दिलेला, त्याच्या पद्धतीत बॉल पायाशी खेळवण्याच्या करामतींवर सगळा भर असतो. त्यातल्या सोप्या गोष्टी प्रत्येकाला स्वतःचा बॉल देऊन एकाच चौकोनात सगळ्यांना एकदम करता येतात, कोणीही वाट बघत उभं राहत नाही. बॉल कमी पडत असतील तर मात्र हे जमत नाही, मग दोघांत एक घेऊन समोरासमोर पास. हेडिंगचं ड्रिल या वयात घेऊच नका, अमेरिकेत तर दहा वर्षांपर्यंत हेडिंगला मनाईच आहे.

सध्या माझा तास असा जातो. पोरं येतील तशी लगेच दोन-दोन, तीन-तीनची मॅच सुरू, सगळे येईपर्यंत थांबत नाही. मग दहा मिनिटं प्रत्येकाच्या पायात एक बॉल आणि एकच नवी गोष्ट. उरलेला सगळा वेळ चार गोलांवर मॅच, दर पाच-सहा मिनिटांनी टीम बदलून. ती नवी गोष्ट कोणी मॅचमध्ये करून बघितली तर तेवढ्यापुरती मोठ्याने शाबासकी, बाकी तोंड बंद ठेवतो. टीम बदलताना जे अर्धं मिनिट मिळतं त्यात पाणी, आणि लेस.