जुन्या ऑक्टाव्हियाचा ओरिजिनल टेप न काढता ब्लूटूथ: हिवाळा, उन्हाळा, पावसाळा वापरून झाल्यावर

कंपनीचा टेप काढून अँड्रॉइड स्क्रीन टाकू का, हा प्रश्न जुनी ऑक्टाव्हिया सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. माझं उत्तर आता पक्कं झालंय, काढू नका. टेपच्या मागे सीडी चेंजर (अनेक सीडी ठेवून वाजवणारा वेगळा डबा) जोडायला दिलेली जागा असते, ती बऱ्याच गाड्यांमध्ये पहिल्या दिवसापासून रिकामीच पडलेली असते, तिथून फोनचं गाणं आत घ्या. आवाजात फरक जमीन-अस्मानाचा आहे आणि गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. फक्त एक गोष्ट आहे, पॉवर कुठून आणि कशी देताय यावर सगळा खेळ आहे, ते नीट केलं नाही तर त्यासाठी लागणारा महागातला बॉक्ससुद्धा डोकं उठवतो. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय कारण मला कुणी ते सरळ सांगितलं नव्हतं.

गाडी पहिल्या जनरेशनची ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय, ९० पीएसवाली. स्कोडाने २००१ मध्ये भारतात सुरुवात याच गाडीने केली, जुळणी व्हायची आमच्याच इथे शेंद्र्याला, त्यामुळे संभाजीनगरमध्ये या गाडीबद्दल एक वेगळीच माया आहे, आजही रस्त्यात दुसरी दिसली की माणूस वळून बघतो. बाबांनी जपून वापरलेली, आता माझ्याकडे आहे. आत सिम्फनी नावाचा कंपनीचाच कॅसेटवाला सेट, रेडिओ मस्त चालतो, कॅसेटही चालते, आणि रात्री डॅशबोर्डच्या बाकी दिव्यांबरोबर एकाच रंगात उजळतो. त्या जागी चकाकती स्क्रीन मला बघवलीच नसती. पण नुसत्या दिसण्यासाठी हट्ट धरलेला नाही, टेक्निकल कारणंही आहेत आणि ती जास्त महत्त्वाची आहेत.

ही गाडी गोल्फ मार्क फोरच्या प्लॅटफॉर्मवर आहे, म्हणजे वायरिंगचे संस्कार फोक्सवॅगनचे. टेपच्या मागच्या आयएसओ कपलरमध्ये (वायरी जोडायचा ठरीव मापाचा प्लग) कायमचा १२ व्होल्ट आणि चावीचा १२ व्होल्ट यांच्या पिना बाजारातल्या सेटच्या मानाने उलट्या असतात, ४ नंबर आणि ७ नंबरची अदलाबदल, त्यामुळे बाहेरचा सेट तसाच लावला की गाडी बंद केली रे केली की स्टेशनं विसरतो. दुसरं म्हणजे छतावरच्या अँटेनात एक छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याला करंट अँटेनाच्या केबलमधूनच जातो, बाहेरचा सेट तो देत नाही, मग वेगळा ॲडॅप्टर लावा नाहीतर शहराबाहेर पडलं की एफएम संपलं. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट, त्याच कपलरमध्ये स्कॅनिंगची के-लाइन, म्हणजे गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर जिच्यावरून बोलतो ती वायर, आलेली असते. बाहेरच्या सेटने त्या पिनवर भलतंच काही दिलं की स्कॅनर गाडीशी बोलायचाच बंद होतो आणि मग लोक ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला, ईसीएम गेला म्हणून हजारो रुपये घालतात. हे सगळं सोडवता येतं, नाही असं नाही, पण एका ॲक्सेसरीच्या दुकानात मला ‘सगळं कापून नवीन जोडतो साहेब, अर्ध्या तासात’ असं उत्तर मिळालं, तिथून मी गाडी परत आणली.

बाकीचे उपायही वापरून झालेत. फोनचं गाणं एफएमवरून रेडिओला पाठवणारा एफएम ट्रान्समीटर शहरात कामाचा नाही, रिकामी फ्रिक्वेन्सी शोधण्यातच जीव जातो, आणि एफएमवर मुळात १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, त्यामुळे झांज, तंबोरा, सगळं गोधडीखालून आल्यासारखं लागतं. कॅसेट ॲडॅप्टर, म्हणजे टेपमध्ये घालायची वायरवाली खोटी कॅसेट, त्यापेक्षा खूप बरा, खरंच बरा, ज्याला फार खर्च करायचा नाही त्याने तोच घ्यावा. पण त्याच्या आतली चाकं सतत कुरकुर करतात, गाणं हळू असलं की ते ऐकू येतं, आणि ऑटो रिव्हर्सवाला टेप मधेच बाजू पलटतो. शिवाय वायर लोंबते, आणि आता बऱ्याच फोनना ३.५ एमएमचं (हेडफोनचं) भोकच नसतं.

तर चेंजरच्या पोर्टबद्दल. टेप बाहेर काढला (पात्यासारख्या चपट्या चाव्या येतात, चिरेत सारल्या की खट्ट होतं आणि सेट पुढे येतो) की मागे एक काळा कपलर पॉवरचा, एक ब्राऊन स्पीकरचा, आणि त्यांच्यालगत छोट्या पिनांचा तीन रंगांचा भाग, पिवळा, हिरवा, निळा. आपलं काम निळ्याशी. त्यात १३ ते २० अशा आठ पिना, डाटाच्या दोन, क्लॉकची एक, १२ व्होल्टच्या दोन, ऑडिओ ग्राउंड (करंट परत जायची वायर), लेफ्ट आणि राइट. म्हणजे कंपनीने सरळ लाइन इनपुटच दिलेला आहे, फक्त त्याचं दार बंद असतं. नुसत्या लेफ्ट-राइटला वायर लावून उपयोग नाही, कारण समोर चेंजर आहे याची खात्री पटल्याशिवाय टेप सीडीवर जातच नाही. म्हणून इम्युलेटर नावाचा बॉक्स लागतो, तो डाटा लाइनवरून टेपला सतत सांगत राहतो की मी चेंजर आहे, माझ्यात सीडी आहे, ट्रॅक वाजतोय. टेपला ते पटतं, तो दार उघडतो, आणि आत आपण पाठवू ते वाजतं.

असे बॉक्स दोन जातीचे मिळतात. एकात पेन ड्राइव्ह, एसडी कार्ड, ऑक्स (बाहेरचं गाणं वायरने आत घ्यायची सोय) सगळं येतं, गाणी फोल्डरमध्ये भरायची आणि टेपवरची १ ते ६ बटणं म्हणजे सहा फोल्डर. दुसऱ्यात फक्त ऑक्सची वायर असते. मी फक्त ऑक्सवाला घेतला आणि त्याला वेगळा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला, दोन्ही मिळून साडेतीन हजारांच्या आत बसलं. माझ्या मते हेच शहाणपणाचं आहे, कारण ब्लूटूथ दर चार-पाच वर्षांनी जुनं होतं, ऑक्सची वायर कधीच होत नाही. उद्या रिसीव्हर बदलला तर टेप बाहेर काढायचीही गरज नाही, मी वायर ग्लोव्ह बॉक्सच्या आत आणून ठेवली आहे.

रिसीव्हर घेताना एक गोष्ट कटाक्षाने बघा, आत बॅटरी असलेला घेऊ नका. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टी होते, त्यात ती लिथियमची बॅटरी फुगायला वेळ लागत नाही. सरळ ५ व्होल्टवर चालणारा, चावी फिरवली की चालू, बंद केली की बंद, असाच घ्या.

आता पॉवरची गोष्ट. आमचे नेहमीचे ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, त्यांनी फक्त एकच विचारलं, ‘वायर कापायची नाही ना? मग घ्या काढून.’ जोडणी सोपी झाली, गाणं लागलं, आवाज ऐकून काकांनी पण मान डोलावली. मग मी गाणं थांबवलं आणि व्हॉल्यूम वाढवला. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली, आणि स्पीकरमधून बारीक टिर्र... टिट् टिट् टिर्र... असा किडा ओरडतोय. इंजिन चालू केलं तर त्यात शिट्टी मिसळली, रेस दिली की शिट्टीचा सूर वर चढतो, सोडली की खाली येतो. गाणं जोरात असेल तर कळत नाही पण दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, किंवा पॉडकास्टमध्ये बोलणारा श्वास घेतो तेव्हा, बरोब्बर ऐकू येतं, आणि एकदा कानाला सापडलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

यात बॉक्स खराब नसतो, टेपही खराब नसतो. रिसीव्हरला चार्जर सॉकेटमधून ५ व्होल्ट दिलेत म्हणजे त्याचं ग्राउंड गाडीच्या बॉडीला एका ठिकाणी जोडलं गेलं, आणि ऑडिओ केबलमधून तेच ग्राउंड टेपच्या ऑडिओ ग्राउंडला दुसरीकडून जोडलं गेलं. दोन रस्ते झाले, म्हणजे लूप झाला. त्यातून अल्टरनेटरची शिट्टी येते. आणि ब्लूटूथची चिप करंट एकसारखा ओढत नाही, थोडा थोडा, झटक्या झटक्याने ओढते, तो करंट परत जाताना ऑडिओच्या ग्राउंडवरून गेला की तो किडा ओरडतो. लोक यावर ग्राउंड लूप आयसोलेटर लावतात, म्हणजे ऑडिओ केबलच्या मधे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. मी तोही लावून बघितला, शिट्टी गेली पण स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खालचा बेसही गेला, तबल्याचा डग्गा पोकळ झाला, पखवाज तर ऐकवेना. खरा इलाज पॉवरच्या बाजूला आहे. बी०५०५एस म्हणून एक बोटाच्या पेराएवढा आयसोलेटेड मॉड्यूल मिळतो, ५ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, एक वॉट, म्हणजे साधारण २०० मिलिअँपिअर, छोट्या रिसीव्हरला पुरेसा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतो. आत-बाहेर ग्राउंडचा एकमेकांशी संबंधच नाही, त्यामुळे रिसीव्हरचं एकच ग्राउंड उरतं, टेपवालं. काकांनी तो सोल्डर करून श्रिंक ट्यूबमध्ये घातला, परत तेच केलं, गाणं बंद, व्हॉल्यूम पूर्ण. काही नाही. फक्त ॲम्प्लिफायरचा नेहमीचा हलका फुस्स. त्या दिवसापासून आजपर्यंत तो किडा परत आलेला नाही, एसी चालू, वायपर चालू, हेडलाइट चालू, कशातच नाही.

अजून एक, निळ्या कपलरमध्ये १२ व्होल्टच्या ज्या दोन पिना आहेत त्यातली १६ नंबरची कायम चालू असते आणि १७ नंबरची टेपबरोबर चालू-बंद होते. रिसीव्हरला घेताय ती पॉवर चावीबरोबर किंवा टेपबरोबर बंद होणारीच असू द्या. आमची गाडी कधी कधी आठवडाभर हलत नाही, तरी स्टार्टला काही त्रास नाही.

रोजच्या वापरात कसं आहे ते सांगतो. गाडीत बसलो, चावी फिरवली, टेप शेवटी सीडीवर होता तर सीडीवरच येतो आणि फोन आपोआप जोडला जातो. डिस्प्लेवर गाण्याचं नाव येत नाही, फक्त सीडी आणि ट्रॅकचा नंबर, तोही खोटाच. मला त्याने काही फरक पडत नाही पण ज्यांना नाव लागतंच त्यांना खटकेल. टेपवरच्या पुढे-मागे बटणांनी फोनवरचं गाणं बदलत नाही, रिसीव्हरवर बटण आहे ते दाबावं लागतं. मॅपचा आवाज किंचित उशिरा येतो, ब्लूटूथचा तेवढा उशीर गृहीतच धरायचा, गावातल्या गल्लीत वळण चुकू शकतं, हायवेला जाणवत नाही. फोनचा व्हॉल्यूम मी पूर्णच्या थोडा खाली ठेवतो, त्याने रेडिओ आणि गाणं साधारण एका पातळीवर येतात, रेडिओवरून इकडे आलं की दचकायला होत नाही.

आणि कंपनीचा टेप ठेवल्याचा एक फायदा, स्पीड वाढला की आवाज आपोआप थोडा वाढतो, कमी झाला की उतरतो. पुण्याला जाताना नगरच्या पुढे गाडी मोकळी सुटते तेव्हा हात लावावा लागत नाही, शिक्रापूर-वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की आपोआप शांत. ओरिजिनल स्पीकर आणि ओरिजिनल सेट एकमेकांसाठीच बसवलेले आहेत हे स्वच्छ सिग्नल दिल्यावर पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं स्पीकर थकले असतील. आईला जुनी भावगीतं लागतात, तिने मागच्या सीटवरून विचारलं की स्पीकर नवीन टाकलेत का रे.

कॉलचं मात्र जमत नाही. समोरच्याचा आवाज स्पीकरमधून छान येतो पण रिसीव्हर ग्लोव्ह बॉक्समध्ये असल्यामुळे त्याच्या माइकला माझा आवाज पोचत नाही, आणि डिझेल इंजिनाचा आवाज आहेच. मी रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये कॉल बंद करून फक्त मीडिया चालू ठेवलंय. ज्यांना कॉल हवेत त्यांनी बाहेर माइक लावायची सोय असलेला रिसीव्हर बघावा आणि माइक पिलरवर वर लावावा.

करायला घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, सेटचा चार आकडी सेफ कोड हातात आहे का. बॅटरी काढली किंवा सेट मागून सुटा केला की तो कोड मागतो, दोनदा चुकला की साधारण तासभर थांबवतो. गाडी सेकंडहँड असेल तर मॅन्युअलच्या पाकिटात कार्ड शोधा, नाहीतर आधी कोड काढून घ्या, मगच सेटला हात लावा. दुसरी, टेप काढल्यावर निळा भाग खरंच रिकामा आहे का. चेंजर बसवलेला असेल तर त्याची केबल तिथे असणार, ती काढून हा बॉक्स लागेल, दोन्ही एकत्र चालायचे असतील तर तसा वेगळा बॉक्स मागावा लागतो. बॉक्स मागवताना नुसतं ‘ऑक्टाव्हिया’ सांगू नका, सेट बाहेर काढून मागच्या कपलरचा फोटो पाठवा, कारण याच गाडीत नंतर कुणी वेगळा सेट बसवलेला असेल तर हा कपलर जुळणारच नाही.