झाडे ओळखणारे ॲप, आठ महिन्यांच्या वापरानंतर : ९४ टक्के खात्री आणि हिरवळीतली आमरी (ऑर्किड)

गेल्या जुलैत सात दिवसांच्या मोफत वापराची मुदत संपल्याचे माझ्या लक्षात येण्याआधीच या ॲपने वर्षाचे १,४९९ रुपये खात्यातून वळते करून घेतले आणि परताव्यासाठी पाठवलेल्या तिन्ही ईमेलना एकच ठरावीक उत्तर आले. तेव्हा पैसे गेलेच आहेत तर वसूल करावेत, या हिशेबाने पुण्यातल्या आमच्या बागेतले प्रत्येक रोप मी त्याला दाखवत सुटलो. जास्वंद, कढीलिंब, गुळवेल त्याने अचूक ओळखले, पण ही नावे आईने फुकटात सांगितली असती.

खरी परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस झाली. हिरवळीत, नळाच्या ओलीपाशी, बोटभर उंचीचे सहा-सात तांबूस कोंब वर आले होते. पाने गवतासारखी अरुंद, पण खोडाला बिलगलेली आणि काहीशी मांसल. ॲपने निर्णय दिला : केना हे तण, ९४ टक्के खात्री. दुसऱ्या दिवशी त्याच कोंबाचा फोटो उन्हात काढला, तर कुठल्याशा लिलीचे नाव, तेही ९१ टक्के! माझा सगळा राग या टक्क्यांवर आहे. ‘आत्ता सांगता येत नाही, फूल येऊ द्या’ एवढे एक वाक्य त्याला दाखवता आले असते, तर मी खुरपे हातात घेतले नसते. दोन कोंब उपटल्यावर मातीत आडवे गेलेले पांढरट, रसरशीत खोड दिसले आणि हे तण नसावे अशी शंका येऊन मी थांबलो.

जानेवारीत उरलेल्या कोंबांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे दाट तुरे आले. फूल जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे. २५० रुपयांच्या दहापट भिंगातून पाहिले, तेव्हा एक पाकळी पिवळीजर्द आणि बाकीच्यांहून निराळ्या घडणीची निघाली, आणि मधोमध सुटे पुंकेसर नव्हतेच. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव होऊन झालेला बुटका स्तंभ होता. म्हणजे आमरीच. येथे ॲपविषयीचे माझे मत मला थोडे बदलावे लागले, कारण फुलाचा जवळून घेतलेला फोटो देताच त्याने ‘झ्यूक्झाइन’ ही प्रजाती (जीनस) बरोबर सांगितली. पुढचे ‘स्ट्रॅट्युमॅटिका’ हे जातीचे नाव मात्र आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरच्या दोन जाणकारांनी, एक पैसाही न घेता, पक्के केले.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये नोंदवलेली ही आमरी झाडावर नव्हे, तर ओलसर गवतात, जमिनीवरच वाढते. आमच्याकडे ती बहुधा पावसाळ्यात नर्सरीतून आणलेल्या हिरवळीच्या लाद्यांतून आली असावी; फ्लॉरिडात ती १९३६ मध्ये प्रथम सापडली, तीही चीनहून आणलेल्या गवताच्या बियाण्यातून आली असे मानतात. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अंकुराला पोसणारा साठा नसतो आणि ते मातीतल्या बुरशीच्या आधाराने रुजते, म्हणून तुरे कुंडीत हलवण्याचा मोह मी आवरला. बी धरले की हे रोप सुकून जाते. तोवर माळीकाकांनी गवत कापायचे यंत्र तिकडे फिरवू नये, यासाठी भोवती चार विटा मांडल्या आहेत.

ॲपला पाचपैकी दोन तारे, त्यांतला एक केवळ फुलाच्या त्या फोटोसाठी. वर्गणीचे आपोआप होणारे नूतनीकरण बंद करण्याची सोय चार पडद्यांआड दडवलेली आहे. जुलैची वाट न पाहता मी ती कालच शोधून काढली.