मारहाणीची कलमं आणि पंचनामा: रविवारचा क्लास, अर्धा पैसा वसूल

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये हा क्लास असतो, सकाळी कायदा आणि जेवणानंतर घटनास्थळ, फी ५०० रुपये, चहा दोनदा. पाचपैकी साडेतीन स्टार देतोय आणि ते जवळपास सगळे दुपारच्या भागाचे आहेत.

मी कशाला गेलो म्हणाल तर माझं नवी पेठेत दुकान आहे. बाजारात मारामारी झाली की पोलिस आजूबाजूच्या दुकानदारालाच पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, म्हणून बोलावतात, आणि बहुतेक जण "साहेब कुठं सही करू" म्हणून मोकळे होतात. नंतर कोर्टात उलटतपासणीला उभं राहिलं की भिंत कुठल्या बाजूला होती तेसुद्धा सांगता येत नाही. या विषयावर कुणी शिकवतंय म्हटल्यावर गेलो.

सकाळचे वकीलसाहेब बोलायला चांगले पण तयारी शून्य. नोट्स म्हणजे जुन्या आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं, झेरॉक्स आणि त्यावर पेनानं खरडलेले नवीन नंबर. अहो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्याआधीच्या घटनांना जुनी कलमं लागतात म्हणून दोन्ही माहीत पाहिजेत हे कबूल, पण मग दोन रकाने करून नीट छापा की. इथं कुणालाही विचारा, ३२३, ५०४, ५०६, म्हणजे साधी मारहाण, शिवीगाळ आणि धमकी, पाढ्यासारखं पाठ असतं, त्याचं आता ११५(२), ३५२ आणि ३५१(२) झालं एवढं एक वाक्य सांगायला त्यांना पाऊण तास लागला बे.

पण कामाचं काही नव्हतंच असं नाही. साधी दुखापत, म्हणजे ११५(२), एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, पण अदखलपात्र, म्हणून स्टेशनला एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत. लोक ओरडतात की पोलिस काहीच करत नाहीत, त्यातली निम्मी गोष्ट इथं आहे. हत्यार वापरलं तर ११८(१), तीन वर्षांपर्यंत, आणि ते दखलपात्र, म्हणजे पोलिस स्वतःच तपास करू शकतात. हाड मोडलं, दात तुटला किंवा निखळला, चेहरा कायमचा विद्रूप झाला, किंवा १५ दिवस रोजचं काम करता आलं नाही तर ती गंभीर दुखापत, आधी हे २० दिवस होते. नुसता मारायला हात उगारला आणि समोरच्याला आता बसतंय असं वाटलं तरी तो हल्ला धरतात, कलम १३० मध्ये येतं, बोटसुद्धा लागायला नको, मात्र नुसत्या शिव्यांनी येत नाही. एकानं विचारलं चावलं तर? तर माणसाचे दात हे घातक हत्यार धरता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं म्हटलेलं आहे. म्हणजे दात पाडला तर गंभीर आणि दातानं तोडलं तर हत्यार नाही, हॉल हसला.

राग आला तो एका गोष्टीचा. मागच्या दोन रांगांत बायका होत्या, त्यांना कलम ७४ विचारायचं होतं, विनयभंगाच्या हेतूनं केलेला हल्ला, कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच. ते दोन मिनिटांत गुंडाळलं आणि अशी तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते हे शेवटी एका ताईंनीच उठून सांगितलं. वकीलसाहेब तेवढ्या वेळात व्हिजिटिंग कार्ड वाटत होते.

दुपारी मात्र रिटायर्ड फौजदारसाहेब आले आणि सगळं बदललं. हॉलच्या मागच्या अंगणात त्यांनी आधीच खोटं घटनास्थळ मांडून ठेवलं होतं, एक चप्पल, फुटलेली बाटली, काठी, लाल रंगाचे थेंब, आणि आम्हाला म्हणाले लिहा पंचनामा. पहिल्याच मिनिटाला चौघं चप्पल बघायला आत घुसले. साहेब काही बोलले नाहीत, फक्त जमिनीवर उमटलेले त्यांचे बूट दाखवले.

मग शिकवलं ते असं. आत जायला आणि बाहेर यायला एकच वाट ठरवायची. आधी लांबून फोटो, मग मधून, मग जवळून मापाची पट्टी ठेवून. वस्तू कुठं पडली होती हे लिहिताना "रस्त्याच्या कडेला" चालत नाही, दोन पक्क्या खुणा धरायच्या, समजा भिंतीचा कोपरा आणि लाइटचा खांब, आणि दोन्हींपासून टेपनं माप, कारण वस्तू हलते, खांब हलत नाही. चतुःसीमा, कच्चा नकाशा, वेळ सुरू झाल्याची आणि संपल्याची. रक्ताचा थेंब सरळ खाली पडला तर गोल, तिरका आला तर लांबट आणि शेपूट ज्या दिशेला तो जात होता तिकडं. रक्त लागलेली माती उचलली तर शेजारची साधी मातीपण वेगळी घ्यायची, तुलनेला. रक्ताचा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, ओल धरून सडतो, सावलीत वाळवून कागदात, मग लाखेचं सील आणि पंचांच्या सहीचं लेबल. आपल्याकडं पोरगा डोकं फोडून घरी आला की आई पहिल्यांदा शर्ट गार पाण्यात टाकते, तो पुरावाच धुतला जातो हे साहेबांनी दोनदा सांगितलं. आणि आधी सिव्हिल हॉस्पिटल, तिथं एमएलसी, म्हणजे जखमांची पोलिस केससाठीची डॉक्टरी नोंद, करून घ्या, चार दिवसांनी दाखवलेल्या सुजेवर वकील खेळतो.

टीव्हीवरच्या मालिका बघून आलेल्या पोरांची जिरली ते एक बरं झालं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी यायचं आणि व्हिडिओ करायचा ही तरतूद तपासाच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६(३) मध्ये आहे, राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत. पण चौकातल्या काठीच्या भांडणाला कोण सूटकेस घेऊन येणार, तिथं हवालदार, दोन पंच आणि टेप एवढंच.

दुकानदारांनी सीसीटीव्हीचा तास चुकवू नका. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, थोड्या दिवसांत जुनं पुसून वर नवीन लिहितो, म्हणून लगेच कॉपी काढा, आणि फुटेजबरोबर पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा कोड, तीसुद्धा भरायची असते. नुसतं व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवून काम होत नाही. झडतीला लेखी आदेशानं पंच म्हणून बोलावलं आणि कारण नसताना नकार दिला तर तोही गुन्हा आहे, हे ऐकून माझ्या शेजारचे काका एकदम सरळ बसले.

बाकी, माइक मधेच बंद पडतो, एक पंखा नावालाच आहे, जेवण आपलं आपण बघायचं, गाडी लावायला जागा नाही म्हणून लवकर जा. आयोजकांनी सकाळचा भाग एका तासात आटपून दुपार लांबवली तर मी वरचा दीड स्टारपण देतो. सध्या जाणार असाल तर नोट्स घेऊ नका, वही न्या आणि पेनाबरोबर मेजरिंग टेप न्या, तिथं पाच मीटरची एकच आहे आणि ती अर्ध्यावर अडकते.