अडीच महिन्यांनी पुन्हा वर्गात: शाळेतील समुपदेशन सेवेविषयी एका आईचा अभिप्राय

माझी धाकटी मुलगी सोलापूर शहरातील एका अनुदानित मराठी शाळेत तिसरीत शिकते. गेल्या ऑगस्टमध्ये परिपाठाच्या वेळी तिचे डोळे सुजलेले वर्गशिक्षिकांच्या लक्षात आले आणि त्यांनी आम्हाला बोलावून घेतले. तपासणीत लघवीतून प्रथिने जात असल्याचे आढळले. मूत्रपिंडाच्या या विकाराला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड स्टिरॉइडच्या गोळ्या, मीठ कमी, गर्दी टाळायची, असे उपचार सुरू झाले. मध्ये एकदा जंतुसंसर्ग झाल्यामुळे रुग्णालयातला मुक्काम वाढला आणि शाळा सुटली ती थेट दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. सुट्टीनंतर ती शाळेत परतली तेव्हा शाळेच्या समुपदेशक बाईंनी जे काम केले, त्याविषयी हा अभिप्राय आहे. सेवेतल्या काही उणिवांचा मला त्रासही झाला, म्हणून शाळेचे नाव लिहीत नाही.

आमच्या घरात समुपदेशन या शब्दाचेच आधी भय होते. बाईंनी भेटायला बोलावले आहे असे मी सांगताच सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरगी आजारी हाय, येडी न्हाई. तिकडं कशाला नेतीस?" त्यांची काळजी खोटी नव्हती, पोरीच्या कपाळी एखादा शिक्का बसेल, ही भीती मलाही होती. मात्र मोठ्या मुलाचा अनुभव गाठीशी होता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि त्याची पहिली सगळी मोबाइलवरच झाली. प्रत्यक्ष वर्गात जायची वेळ आली तेव्हा त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ बसवले गेले. पुढचे दोन महिने दर सोमवारी सकाळी त्याचे पोट दुखायचे आणि रविवारी मात्र कधीच दुखायचे नाही. आम्ही त्याला जंताचे औषध दिले, ओवा दिला, रागावलो आणि एकदा हातही उगारला. हे दुखणे खरे आहे पण त्याचे मूळ भीतीत आहे, हे त्या वेळच्या शाळेत आम्हाला कोणीही सांगितले नाही. त्या दिवसांची आठवण आली की आजही मला वाईट वाटते, आणि म्हणूनच या वेळी मी बाईंच्या बोलावण्याला नाही म्हटले नाही.

पहिली भेट सुट्टी संपण्याच्या आठवडाभर आधी झाली. "आई, आज तिला आणू नका, तुम्ही दोघेच या," असे बाईंनी फोनवर सांगितले होते. पाऊण तास त्या विचारत राहिल्या आणि लिहून घेत राहिल्या: सकाळी तिला कोण उठवते, वर्गात तिची जवळची मैत्रीण कोण, रुग्णालयात तिला सर्वांत जास्त कशाचा त्रास झाला, शाळेचा विषय निघाला की ती काय बोलते आणि काय बोलायचे टाळते. उपदेश एकही केला नाही. औषधांची माहिती विचारताना त्यांनी डॉक्टरांचा कागद मागितला आणि शाळेने काय पाळायला हवे तेवढेच त्यातून उतरवून घेतले. स्टिरॉइड चालू असताना मुलाचा कांजिण्यांशी संपर्क आला तर डॉक्टरांना तातडीने कळवावे लागते. वर्गात कोणाला कांजिण्या आल्याचे समजताच वर्गशिक्षिकांनी त्याच दिवशी आम्हाला फोन करायचा, हे बाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकले. इतकी नेमकी विचारपूस मी शाळेकडून अपेक्षिली नव्हती.

मुलीशी त्यांची पहिली भेट हा या अनुभवाचा गाभा आहे. बाईंच्या खोलीत टेरी टॉवेलच्या कारखान्यातून आणलेल्या कापडी तुकड्यांच्या बाहुल्या आहेत; हातमोज्यासारख्या हातात घालायच्या, नॅपकिनच्या काठाची नक्षी अजून अंगावर असलेल्या. मुले बाईंना "खेळाच्या बाई" म्हणतात ते त्यांच्यामुळेच. माझ्या मुलीने निळी बाहुली हातात घातली आणि बराच वेळ गप्प बसली. बाईही गप्प बसल्या, आणि मला मात्र ते अवघड जात होते. मग बाईंच्या हातातल्या पिवळ्या बाहुलीने निळीला विचारले, "तू शाळेत का येत नाहीस गं?" निळी म्हणाली, "शाळेत आलं की डोळे सुजतात. मग दवाखान्यात ठेवतात."

आम्ही अडीच महिने समजत होतो की तिला अभ्यास बुडाल्याची काळजी आहे. सूज पहिल्यांदा शाळेत दिसली, तिथूनच तिला दवाखान्यात नेले, म्हणजे आजार शाळेत होतो, असा हिशोब आठ वर्षांच्या मुलीने मनाशी मांडला होता. "असं काही नसतं" म्हणून बाईंनी तो खोडून काढला नाही. पिवळ्या बाहुलीने विचारले, "मग रविवारी घरी असताना सूज आली होती का?" निळीने विचार केला आणि म्हणाली, "आली होती. पायावर." ते उत्तर तिचे तिनेच शोधले. दुसरी भीती तिने अशीच हळूहळू सांगितली: औषधाने गाल फुगले आहेत, सगळे हसतील.

पुढचे बरेचसे काम बाईंनी मुलीवर नव्हे, तर तिच्या भोवतीच्या माणसांवर केले, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल तिथे आहे. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी त्यांनी तिला रिकाम्या वर्गात नेले, तिच्या बाकावर बसू दिले, फळ्यावर नाव लिहू दिले. वर्गाला काय सांगायचे याचा मजकूर त्यांनी तिच्यासमोरच लिहिला: आजार एकमेकांना लागत नाही, औषधामुळे चेहरा गोल झाला आहे, औषध कमी झाले की पूर्वीसारखा होईल. "तिला फार त्रास झाला" हे वाक्य मुलीने खोडायला लावले आणि बाईंनी ते मुकाट्याने खोडले. पहिल्या दिवशी ती वर्गात येण्यापूर्वी वर्गशिक्षिकांनी तोच मजकूर वाचून दाखवला. एका मुलाने फक्त "दुखतंय का?" एवढे विचारले, हे मला नंतर कळले.

पहिले दोन दिवस छोट्या सुट्टीपर्यंत, पुढचे तीन दिवस मधल्या सुट्टीपर्यंत आणि दुसऱ्या आठवड्यापासून पूर्ण वेळ, असे ठरले होते. फाटकावर निरोप थोडक्यात घ्यायचा आणि खिडकीपाशी थांबायचे नाही, ही ताकीद मला होती. ती पाळताना पहिल्या दिवशी माझे पाय रस्त्यावरून हलत नव्हते. बाकावर एक पिवळे कार्ड असे. ते उलटे ठेवले की काही न बोलता बाहेर जाता येई, पाणी पिऊन किंवा बाईंच्या खोलीत पाच मिनिटे बसून परत यायचे. मुले याचा गैरफायदा घेतील, अशी शंका वर्गशिक्षिकांनी बोलून दाखवली होती आणि ती स्वाभाविक होती. पहिल्या आठवड्यात कार्ड पाच वेळा उलटले, तिसऱ्या आठवड्यात एकदा, आणि आता ते कंपास पेटीच्या तळाशी आहे.

वह्यांच्या बाबतीतला निर्णयही मोलाचा ठरला. बुडालेल्या दिवसांच्या वह्या पूर्ण करून आणा, हा आपल्याकडच्या शाळांचा ठरलेला निरोप. त्यासाठी आया रात्री जागून पानेच्या पाने उतरवतात आणि मुलाला त्यातले काही येत नाही. बाईंनी वर्गशिक्षिकांशी बोलून ती अट काढून टाकली. हातच्याची वजाबाकी आणि गुणाकार एवढेच आधी पक्के करायचे, बाकीचे पुढच्या पाठांबरोबर येईल, असे ठरले आणि तसेच झाले.

डब्याचा प्रश्न आमच्या गावात साधा नाही. मधल्या सुट्टीत प्रत्येकाच्या डब्यात शेंगाचटणी असते आणि ती वाटून खायची रीत असते. मीठ कमी असलेली भाजी-भाकरी घेऊन एकटे बसणे मुलीला जड गेले असते. बाईंच्या सुचवण्यावरून मी डब्यात डाळिंबाचे दाणे जास्त देऊ लागले, म्हणजे वाटायला तिच्याकडेही काही असेल. पहिल्या शुक्रवारी रिकामा डबा दाखवत ती म्हणाली, "माझे दाणे पहिल्यांदा संपले."

आता उणिवा. बाई आठवड्यातून तीनच दिवस या शाळेत असतात, उरलेले दिवस त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत. एका गुरुवारी त्या नसताना खेळाच्या तासाला बदली शिक्षकांनी "आजारी मुलांनी बाजूला बसा" असे सर्वांसमोर म्हटले आणि मुलगी भिंतीकडे तोंड करून तासभर बसली. ठरलेल्या गोष्टी फक्त वर्गशिक्षिकांना माहीत होत्या. खेळाचे शिक्षक, बदली शिक्षक आणि रिक्षावाले काका यांच्यापर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. मी सांगितल्यावर बाईंनी अर्ध्या पानाची सूचना सर्वांना दिली, पण ती पहिल्या दिवशीच जायला हवी होती.

दुसरी तक्रार गंभीर आहे. बाईंची खोली शिक्षक खोलीला लागून आहे आणि मध्ये केवळ प्लायवूडचा पडदा आहे. घरातल्या आर्थिक ओढाताणीविषयी मी बाईंना जे सांगितले होते, त्याबद्दल दुसऱ्या एका शिक्षिकेने मला फाटकावर सहानुभूतीने विचारले. त्यांचा हेतू चांगला असेलही, पण समुपदेशकाशी झालेले बोलणे, मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असल्याशिवाय, बाहेर जाता कामा नये. मी लेखी तक्रार दिली. मुख्याध्यापकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि तेव्हापासून पालकांच्या भेटी ग्रंथालयात होतात. मुलांच्या भेटी मात्र अजूनही त्याच खोलीत होतात, हे मला मान्य नाही.

या त्रुटींचा दोष मी एकट्या बाईंना देत नाही. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना दर २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते. आमच्या बाईंकडे दोन शाळांची मुले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळांना समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते जोडण्याचा विचार मांडला आहे. आमच्या शाळेत निदान एक समुपदेशक आहे. पूर्व भागातल्या माझ्या ओळखीच्या अनेक विणकर कुटुंबांच्या मुलांना तेवढेही मिळत नाही. अशा पालकांना टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते आणि मूल संकटात असेल तर मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. फाटकावर उभे राहणारे ओळखीचे माणूस फोनवरून मिळत नाही, तरी सुरुवात म्हणून ते क्रमांक जवळ असावेत.

सेवेचे वेगळे शुल्क नाही. आजार, घरातला मृत्यू, स्थलांतर अशा कोणत्याही कारणाने मूल महिनाभराहून जास्त घरी राहिले असेल, तर पालकांनी शाळा सुरू व्हायची वाट न पाहता आठवडाभर आधी भेट मागावी, काय ठरले ते लेखी घ्यावे आणि त्याची प्रत मुलाच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाकडे गेली का, हे स्वतः विचारावे. आम्ही लेखी मागितले नाही, ही आमची चूक झाली.

हा आजार अनेक मुलांमध्ये उलटतो, असे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितले आहे. तसे झाले आणि मुलीला पुन्हा घरी राहावे लागले, तर पहिल्या आठवड्यात शाळेने काय करायचे, वर्गाने तिच्याशी संपर्क कसा ठेवायचा आणि अभ्यास किती पाठवायचा, याचा एक पानाचा कागद मी बाईंकडे मागितला आहे. त्यांनी कच्चा मसुदा मुलीलाच वाचायला दिला. तिने त्यात पेन्सिलीने एक ओळ वाढवून परत पाठवला आहे: "माझ्या बाकावर दुसऱ्याला बसवायचं नाही."